जुना डिफरेन्शियल बदलताना

भाऊ, पिकअपला भंगारबाजारातला डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा संच, बसवताय ना, मग आधी दात मोजा. क्राउनचे (मोठ्या गिअरचे) ४१ आणि पिनियनचे (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचे) १० असतील तर रेशो ४.१. तुमच्या जुन्याचाही तोच हवा, नाहीतर ओढ आणि स्पीडोमीटर दोन्ही बिघडतात. क्राउन-पिनियन जोडीनेच घ्या. मी एकदा नुसता पिनियन बदलला होता, महिन्याभरात घाटात घोंघावायला लागला.

हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, डिझेलने दोनदा धुवा. ॲक्सलच्या नळ्यांत फडकं घालून ओढा. काळ्या चिखलात चमचमणारा चुरा निघेल, तोच नवी बेअरिंगं खातो. वरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी तोटी) बुजला असेल तर मोकळा करा, नाहीतर सील गळेल. गिअर ऑइल जीएल-५ दर्जाचं घाला, भरायच्या भोकाच्या काठापर्यंत.