घोड्यांच्या ट्रेलरला गरम पाणी: ४,८०० डॉलर घालावेत का?

प्रश्न: आम्ही टेक्सासमध्ये राहतो. मुलगी बॅरल रेसिंग (पिंपांभोवती घोडा पळवण्याची शर्यत) करते, म्हणून दोन घोड्यांचा बंपर-पुल (ट्रकच्या मागे जोडून ओढायचा) ट्रेलर घेतला आहे. पुढच्या भागात झोपायची जागा, सिंक, छोटी शेगडी, टॉयलेट, एसी आणि शॉवर आहे, पण पाणी फक्त गार. पाण्याची टाकी २० गॅलनची, सांडपाण्याची १५ गॅलनची. वर्षाला आठ वीकएंड, दोन-दोन रात्री, आम्ही तिघं त्यात राहतो; बहुतेक मैदानांवर ३० अँपचं हुकअप (ट्रेलरला वीज-पाण्याची जोडणी) मिळतं. डीलरने सहा गॅलनचा गॅस हीटर, दोन सिलिंडर, पाइपिंग आणि बसवणूक मिळून ४,८०० डॉलर सांगितले आहेत, १२ महिने बिनव्याजी. दुसरा पर्याय म्हणजे हा ट्रेलर देऊन पूर्ण सोयींचा घ्यायचा. त्यासाठी २८,००० डॉलरचं कर्ज, १२ वर्षं, ९ टक्क्यांनी. शिल्लक ९,००० डॉलर आहे, महिन्याचा खर्च ५,२००. टॅक्समध्येही फायदा होईल असं डीलर म्हणतो. ट्रेलरची कमाल मर्यादा ७,००० पौंड, रिकामं वजन ४,२०० पौंड.

उत्तर: दोन्ही पर्याय सोडा. अडीच गॅलनची विजेची टाकी सिंकखाली बसवून घ्या. वस्तू आणि मजुरी मिळून ९०० डॉलरच्या आसपास काम होईल, आणि तेही शिल्लक न मोडता. तुम्ही पैशांचे आकडे दिलेत, पण या प्रश्नाचा निकाल तुमच्या शेवटच्या ओळीतल्या वजनांनीच लागतो, म्हणून आधी त्यांचा हिशेब मांडतो.

रिकामा ट्रेलर ४,२००. प्रत्येकी ११०० पौंडाचे दोन घोडे धरले की ६,४००. गॅलनभर पाणी ८.३४ पौंडांचं, म्हणजे भरलेली टाकी १६७ पौंडांची. खोगिरं, गवत, खुराक, अंथरूण-पांघरूण ३०० पौंडांच्या खाली जात नाही. बेरीज ६,८६७, मर्यादेला उरले १३३ पौंड. आता डीलरचं सामान चढवा. सहा गॅलनचा हीटर रिकामा ३५ आणि आतलं पाणी ५० पौंड. वीस पौंडी सिलिंडर भरलेला साधारण ३७ पौंडांचा, असे दोन. त्यांचा स्टँड, रेग्युलेटर, पाइप मिळून वीसेक पौंड. म्हणजे १८० पौंड. तुम्ही मर्यादेच्या जवळजवळ ५० पौंड वर जाता. शिवाय सिलिंडर ट्रेलरच्या नाकावर बसतात, त्यामुळे हिचवरचा (ट्रकला जोडणाऱ्या सांध्यावरचा) भार वाढतो, आणि तो भार ट्रकच्या पेलोडमधून, म्हणजे ट्रक स्वतःवर जेवढं वजन पेलू शकतो त्यातून, वजा होतो. ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरवर पेलोडचा आकडा असतो. त्यात तुम्ही तिघंही मोजले जाता.

‘टाकी रिकामी नेऊ, तिथे भरू’ असं डीलर म्हणेल. पण अनोळखी पाण्याला तोंड न लावणारे घोडे पुष्कळ असतात, आणि घरचं पाणी बरोबर नेण्याची सवय त्यामुळेच असते. अपघात झाला आणि ट्रेलर मर्यादेबाहेर भरलेला निघाला, तर विमा कंपनीशी आणि समोरच्या पार्टीच्या वकिलाशी होणारं बोलणं ४,८०० डॉलरच्या पलीकडचं असेल. हायवेवर ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर घोड्यांसकट एकदा वजन करून घ्या. पंधरा-वीस डॉलरचं काम आहे, आणि माझे अंदाजाचे ३०० पौंड तुमच्याकडे ४०० निघाले तर आश्चर्य वाटणार नाही.

दुसरी अडचण पाण्याची. सहा गॅलन पाणी १४० अंश फॅरनहाइटला तापवून ६० अंशांच्या गार पाण्यात मिसळलं, तर अंघोळीच्या १०५ अंशांचं दहा गॅलन पाणी मिळतं. ऐकायला छान. पण सांडपाण्याची टाकी १५ गॅलनची आहे. अशी दीड अंघोळ झाली की ती भरली, आणि वरची २० गॅलनची टाकी दोन अंघोळींत रिकामी. तिसऱ्या माणसाची पाळी येईपर्यंत हीटरमध्ये ऊन पाणी असेल, पण ते जायला जागा नसेल. हुकअपच्या नळाने वरची टाकी भरत राहिलात तरी खालची रिकामी करायला ट्रेलर डंप स्टेशनवर न्यावा लागतो, आणि मैदानावर सांडपाणी सोडू देत नाहीत. तुमच्या ट्रेलरमध्ये माणशी तीन-चार गॅलनच परवडतात: अंग भिजवा, नळ बंद, साबण, मग धुवा. एवढ्यासाठी अडीच गॅलनची टाकी पुरते. त्याच हिशेबाने तिच्यातून चार गॅलनच्या आसपास ऊन पाणी निघतं आणि १,४४० वॅटच्या कॉइलवर ती पुन्हा तापायला वीसेक मिनिटं लागतात. एकामागून एक तिघांच्या अंघोळी तासाभरात होतात.

गॅसविरुद्ध माझं काही नाही. चालवायला तो स्वस्तच पडतो. वीस पौंडी सिलिंडरमध्ये सुमारे ४,३०,००० बीटीयू उष्णता असते. सहा गॅलन पाणी ७० अंशांनी तापवायला, वाया जाणारी धरून, ४,७०० बीटीयू लागतात. म्हणजे एका सिलिंडरमध्ये नव्वदेक वेळा टाकी तापते. वीज नसलेल्या ठिकाणी राहणाऱ्याला गॅसशिवाय इलाज नाही, कारण तेवढंच पाणी विजेवर तापवायला एक युनिट वीज लागते, आणि १०० अँपिअर-अवरची १२ व्होल्ट बॅटरी पूर्ण रिकामी केली तरी साधारण तेवढीच देते. इन्व्हर्टर लावून बॅटरीवर पाणी तापवायचं कोणी सुचवलं तर तिथेच थांबवा.

पण गॅसची उस्तवार मोठी आहे. हीटरसाठी बाजूच्या पत्र्याला चौकोनी भोक पाडावं लागतं, आणि त्याचा धूर खिडकीच्या किंवा गवत ठेवायच्या दाराच्या जवळ येऊन चालत नाही. दोन घोड्यांच्या ट्रेलरला अशी मोकळी जागा शोधणं सोपं नसतं. तबेल्याच्या आसपास मातीची घरटी करणाऱ्या गांधीलमाश्या बर्नरच्या नळीत घर करतात, कोळी जाळी विणतात. मग ज्योत पिवळी पडते आणि काजळी धरते. आत गॅसचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा असे दोन्ही अलार्म लागतात. यातलं काय-काय कोटेशनमध्ये धरलं आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

विजेच्या टाकीचं काम करून घेताना मात्र बारकाईने पाहा, कारण ही टाकी मुळात घराच्या सिंकखालची आहे, धक्के खाणारी नव्हे. ती नुसत्या ब्रॅकेटवर टांगू नका. खाली फळीचा आधार आणि भोवती धातूची पट्टी बोल्टने आवळून घ्या. दोन्ही जोडण्या कडक पाइपने न करता वेणीच्या लवचीक होजने करा, नाहीतर पाचशे मैलांत सांधा गळायला लागतो. सेफ्टी व्हॉल्व्हची नळी फरशीतून बाहेर उतारावर काढा आणि तिच्या तोंडाला कधीही बूच लावू नका.

नेहमीची तक्रार अशी येते की बसवल्याच्या पहिल्याच दिवसापासून व्हॉल्व्ह ठिबकतो, आणि मग लोक व्हॉल्व्ह बदलत बसतात. दोष त्याचा नसतो. पाणी ६० वरून १४० अंशांवर गेलं की दीडेक टक्का फुगतं. अडीच गॅलनमध्ये म्हणजे १५० मिलिलिटर. पंपातला एकदिशा व्हॉल्व्ह ते मागे जाऊ देत नाही, म्हणून दाब चढतो. हीटरच्या गार बाजूला छोटी एक्स्पान्शन टाकी (फुगलेलं पाणी सामावून घेणारी) लावली की प्रश्न मिटतो. मैदानावरच्या नळाला होज जोडताना प्रेशर रेग्युलेटरही लावा. तिथला दाब कधी किती असेल याचा भरवसा नसतो.

टाकीला स्वतंत्र ब्रेकर हवा, कारण ती एकटी १२ अँपिअर घेते. एसी त्याच्या आसपास घेतो. ३० अँपवर दोन्ही चालतात, वर मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडतो. आणि टाकीच्या स्विचवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी डकवा: आधी पाणी, मग वीज. कोरड्या टाकीत कॉइल चालू केली तर काही सेकंदांत जळते. थंडीत पाणी काढून ठेवलेला ट्रेलर वसंतात पहिल्यांदा जोडताना हमखास हेच होतं. टेक्सास आहे म्हणून पाणी काढायचं टाळू नका. फेब्रुवारी २०२१ ची थंडी तुमच्या लक्षात असेलच.

आता पैसे. वर्षाला ४८ अंघोळी, पाच वर्षांत २४०. डीलरच्या कोटेशनने एक अंघोळ २० डॉलरला पडते. विकताना यातले एक तृतीयांश वसूल झाले असं उदारपणे धरलं तरी १३ च्या वर. विजेच्या टाकीने पावणेचार. आणि मैदानावर शॉवर असतील, तिथे शून्य.

‘बिनव्याजी’ची छापील कागदपत्रं मागून घ्या. त्यात व्याज लांबणीवर टाकलेलं असेल, तर बाराव्या महिन्याअखेर एक डॉलर जरी उरला तरी पहिल्या दिवसापासूनचं सगळं व्याज एकदम लागतं. समजा दर २८ टक्के आहे आणि तुम्ही महिन्याला ४०० ऐवजी ३८० भरलेत: वर्षाअखेर २४० डॉलर उरतील आणि त्यांच्या जोडीला साधारण ७५० डॉलरचं व्याज येईल. किमान हप्ता भरत राहिलं की फिटेल, असं समजून चालणाऱ्यांवरच ही योजना चालते.

तुमची शिल्लक पावणेदोन महिन्यांचा खर्च निघेल एवढीच आहे. घोडा असलेल्या घराला हे कमी आहे. घोड्याला पोटशूळ उठला आणि शस्त्रक्रिया करावी लागली, तर हे ९,००० एका रात्रीत जाऊ शकतात. डीलरला महिन्याला ४०० द्यायची तुमची तयारी होतीच. त्यातले १५० सहा महिने टाकीसाठी बाजूला काढा आणि २५० शिल्लकीत घाला. सहा महिन्यांनंतर पूर्ण ४०० शिल्लकीत.

ट्रेलर बदलण्याचा हिशेब छोटा आहे. हप्ता ३१९ डॉलर, बारा वर्षांत सुमारे ४५,९०० भराल, त्यातलं १७,९०० नुसतं व्याज. मोठा ट्रेलर तुमचा आत्ताचा ट्रक ओढेल का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ओढत नसेल तर खरं कर्ज ट्रकचं असेल. मुलगी कॉलेजला गेल्यावर हा ट्रेलर कोण वापरणार, तेही तिला विचारून पाहा.

टॅक्सचं डीलरने अर्धवट सांगितलं आहे. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय असलेला ट्रेलर आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) नियमांत दुसरं घर ठरू शकतो, आणि त्याच ट्रेलरवर तारण असलेल्या कर्जाचं व्याज वजावटीला पात्र होऊ शकतं. गरम पाण्याची त्यात अट नाही, म्हणजे हीटर बसवल्याने काही बदलत नाही. शिवाय हे व्याज दाखवायचं तर वजावटी एकेक करून मांडाव्या लागतात. पती-पत्नींच्या एकत्रित रिटर्नला २०२५ साठी सरसकट मिळणारी प्रमाणित वजावटच ३१,५०० डॉलर होती, आणि तुमच्या एकेक वजावटींची बेरीज त्यापुढे गेली तरच उपयोग. घर तारण ठेवून क्रेडिट लाइन काढून ट्रेलरवर खर्च केलात तर ते व्याज अजिबात धरलं जात नाही. रेसिंगला व्यवसाय म्हणून दाखवायचा विचार असेल तर सात वर्षांपैकी दोन वर्षं नफा असेल तेव्हाच तो व्यवसाय आहे असं गृहीत धरलं जातं. मुलीच्या हौसेला ही पट्टी लावायला जाऊ नका.

घोडे धुवायला ऊन पाणी हवं असेल, तर ते या टाकीकडून होणार नाही, डीलरच्या हीटरकडूनही नाही. त्यासाठी दीड-दोनशे डॉलरला मिळणारा बाहेर टांगायचा प्रोपेन हीटर घ्या. त्याच्या पंधरा-वीस फूट आसपास गवत नको, आणि तो कधीही ट्रेलरच्या आत किंवा तंबूत पेटवायचा नाही. त्याला लागणारा एक सिलिंडर ट्रेलरवर नव्हे, ट्रकच्या मागच्या भागात उभा बांधून न्यायचा. त्याचे ३७ पौंडही पेलोडमध्ये मोजा.

पुढच्या मोसमात आठपैकी पाच-सहा वीकएंड हुकअप नसलेल्या ठिकाणी गेले, तर गॅसचा विचार पुन्हा करू. तेव्हा डीलरकडून आधी लेखी घ्यायचं ते असं: काम झाल्यावरचं ट्रेलरचं वजन, आणि गॅसच्या लाइनची मॅनोमीटरने (दाब मोजायच्या यंत्राने) घेतलेली गळतीची चाचणी, तारखेसकट.