बाबांना जपतोय, तरी ते खचत चाललेत

प्रश्न: डॉक्टर, माझे बाबा ७४ वर्षांचे, बीपी आणि डायबेटिस दोन्ही. कोरोना सुरू झाल्यापासून त्यांना घराबाहेर पाऊल टाकू दिलेलं नाही, जेवणसुद्धा खोलीतच नेऊन देतो. आता खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात आणि काही विचारलं की नुसतं "हं" म्हणतात. वयामुळेच ना हे?

उत्तर: सगळं वयावर ढकलू नका. तुमची भीती खरी आहे, या आजाराचा मोठा फटका वयस्करांनाच बसतो, त्यात डायबेटिस असला तर जास्तच, पण या जपण्यात बाबांचं चालणं-बोलणं दोन्ही बंद पडलंय. या वयात पायाचे स्नायू वापरले नाहीत की फार पटकन उतरतात आणि भरून यायला महिने लागतात, हात टेकून उठणं ही त्याचीच खूण, आणि असंच राहिलं तर कधीतरी बाथरूममध्ये तोल जाईल आणि हाड मोडेल म्हणून मी एवढं कळकळीने सांगतेय. पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, तुम्ही शेजारी उभे राहा आणि त्यांना पाच-सहा वेळा उठ-बस करायला लावा, सुरुवातीला हात टेकले तरी चालतील, चक्कर आली तर लगेच थांबायचं. मग घरातच फेऱ्या. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढेही आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, पण तुम्ही दहा मिनिटांपासूनच सुरू करा.

आता ते "हं". ऐकू कमी येणारी माणसं नकळत समोरच्याचे ओठ बघून बोलणं जुळवतात, तुम्ही मास्क लावून दारातून बोलत असाल तर त्यांना अर्धं कळतच नसेल, आणि सारखं "काय?" विचारायची लाज वाटते हो. कान तपासून घ्या. घरात कुणाला सर्दी-ताप नसेल तर खिडक्या उघडून, थोडं अंतर ठेवून एकत्र जेवा, घरातल्या गोष्टी त्यांना विचारा. तरीही दोन आठवडे उदासच राहिले तर डिप्रेशनसाठी दाखवा.

एक मात्र वेगळं. एक-दोन दिवसांत अचानक गोंधळल्यासारखं बोलायला लागले, जेवण सोडलं, झोपूनच राहिले, तर ताप नाही म्हणून वाट बघू नका, या वयात कोविड कधीकधी असाच दिसतो. ऑक्सिजन आणि शुगर दोन्ही बघा, ऑक्सिजन ९४ च्या खाली असेल तर तडक हॉस्पिटल, आणि आकडे ठीक आले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.