नाताळच्या सुट्टीत शिरोड्याला मुलांकडून घरच्या घरी कोणती सजावट करून घेता येईल?

तुम्ही लिहिलंय की २२ डिसेंबरला पुण्याहून शिरोड्याला मामांकडे पोचणार, सोबत सात आणि दहा वर्षांची मुलं आहेत, आणि सजावटीचं सामान इथून नेऊ का? नेऊ नका. जाड दोरा, दाभण, फेव्हिकॉल आणि पतंगाचा कागद एवढंच बॅगेत टाका. मी वेंगुर्ल्याची, आमच्या घरात चांदणी आणि येशूजन्माचा गोठा दरवर्षी हातानेच होतो. बाकी सगळं तुम्हाला परसात आणि वेळेवर, म्हणजे समुद्रकिनारी, मिळेल.

एक काम मात्र तुम्ही पोचायच्या आधीच व्हायला हवं. मामींना फोन करून सांगा, १२ तारखेच्या सुमारास नाचणी रात्रभर भिजत घालून दुसऱ्या दिवशी माती भरलेल्या दोन-तीन करवंट्यांत पेरायची. नवरात्रात घटाखाली रुजवण घालतो तसंच. फरक इतकाच की घटाचं रुजवण उजेडाविना पिवळं राहतं आणि आपल्याला हिरवंगार हवं, म्हणून करवंट्या पडवीत उजेडाला ठेवायच्या. नाताळपर्यंत बोटभर गवत होतं. गोठ्यातल्या बाळ येशूच्या भोवती हेच गवत ठेवायचं.

पोचलात की पहिल्याच संध्याकाळी मुलांना सुरूच्या बनात न्या. वाळूत बोराएवढी खरखरीत बोंडं पडलेली असतात. सुरू दिसायला पाइनसारखा, पण तो पाइनच्या कुळातला नाही. ज्या हिरव्या काड्यांना आपण पानं समजतो त्या बारीक डहाळ्या असतात, खरी पानं म्हणजे त्यांच्या सांध्यांवरचे इवले खवले. मुलांना एक काडी सांध्यावर मोडून दाखवा. मिटलेली बोंडं मिळाली तर वर्तमानपत्रावर उन्हात ठेवा. दोन-तीन दिवसांत ती उघडतात आणि आतून पंखवाल्या बिया गळतात. उघडलेल्या बोंडांच्या टोकांना फेव्हिकॉल लावून पांढऱ्या रांगोळीत घोळवली की झालं. कापसाच्या बर्फापेक्षा मला हे कितीतरी सुंदर वाटतं.

चांदणीसाठी हीर घ्या, म्हणजे झावळीच्या पात्यामधली काडी, जिचा खराटा बांधतात ती. वीतभर लांबीचे, अगदी सारख्या मापाचे पाच हीर कापा. माप चुकलं की चांदणी एका अंगाला कलते. सुके हीर मोडतात म्हणून तासभर पाण्यात ठेवा. मग पाटीवर हात न उचलता तारा काढतो त्या क्रमाने मांडायचे आणि पाचही टोकं दोऱ्याने आवळायची. मध्ये जिथे हीर एकमेकांना छेदतात तिथे एक वरून, एक खालून असं ओवायचं, म्हणजे तिथे गाठ लागत नाही. दहा वर्षांच्या मुलाला हे जमतं, सातवाल्याने टोकं धरून बसावं. मागून पतंगाचा कागद चिकटवा आणि त्यावर मेणबत्तीचा तुकडा हलक्या हाताने घासा. डिसेंबरात इथे रात्री दव पडतं, साधा कागद सकाळी लोंबतो. मेण घासलेला टिकतो, आणि उजेडही त्यातून छान झिरपतो. मागे पणती मात्र नको, दिव्यांची माळच सोडा.

शिंपल्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण चुका इथेच होतात. रिकामे शिंपलेच उचला. माझ्या मुलीने एकदा एक सुंदर शंख आणून गोठ्यात ठेवला, आतला जीव आतच मेला होता. चौथ्या दिवशी वास सुटला आणि ती रडली. तेव्हापासून आम्ही प्रत्येक शंखात डोकावून पाहतो. मोठे शंख आणि प्रवाळाचे तुकडे तिथेच राहू द्या, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने प्रवाळ आणि काही शंख संरक्षित आहेत. घरी आणलेले शिंपले गोड्या पाण्यात रात्रभर ठेवा, मीठ राहिलं तर ते ओल धरतं आणि गोंद सुटतो. भोक पाडायला यंत्र लागत नाही. शिंपल्याचा फुगीर माथा खरबरीत दगडावर पाण्यासोबत घासत राहा, थोड्या वेळाने आपोआप छिद्र पडतं. काही शिंपल्यांना आधीच गोल, कोरीव भोक असतं. ते एका शिकारी समुद्री गोगलगाईने आतला जीव खाण्यासाठी पाडलेलं असतं. मुलं असे शिंपले शोधण्यात तासन् तास रमतात.

घंटेसाठी डोळ्यांकडची अर्धी करवंटी पॉलिश पेपरने घासून तिला खोबरेल लावा. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तो खिळ्याने टोचून दोरा ओवा आणि आत लोलक म्हणून सुपारी लटकवा.

आमच्याकडे गोठा ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला उतरवतात. तुम्ही त्याआधी निघणार असाल तर चांदण्या आणि बोंडं कागदात गुंडाळून सोबत न्या, आणि नाचणीचं गवत गोठ्यातल्या खऱ्या वासराला घाला.