कांदा खरेदीच्या एक्सेल शीटची बेरीज पावत्यांशी जुळत नाही. हजारभर ओळींत चूक कशी शोधू? (नाशिक)

दोन्ही बेरजांमधला फरक काढा आणि त्याला ९ ने भागून पाहा. पूर्ण भाग गेला तर बहुधा शेजारचे दोन अंक उलटे पडलेत (१८४० ऐवजी १४८०, फरक ३६०) किंवा एखादं शून्य जास्त-कमी झालंय. अशा चुकीत फरक नेहमी ९ च्या पटीतच येतो, म्हणून आधी तशाच ओळी तपासा. भाग जात नसेल तर काही आकडे मजकूर म्हणून साठलेत का बघा. ते सेलमध्ये डावीकडे चिकटलेले दिसतात आणि बेरजेत धरलेच जात नाहीत. कॉलम निवडून डेटा मेनूतलं ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडा आणि थेट फिनिश करा, बहुतेक सुधारतात. गावनिहाय बेरीज चुकत असेल तर पिव्होट टेबल (प्रत्येक गावाची बेरीज आपोआप मांडणारा तक्ता) लावा. ‘लासलगाव’ आणि ‘लासलगांव’ लगेच वेगवेगळे दिसतील. पुढे गावांची नावं टाइप करूच देऊ नका, डेटा व्हॅलिडेशनची यादी द्या.

मात्र सारख्या ओळी काढून टाकणारं ‘रिमूव्ह डुप्लिकेट्स’ सरसकट चालवू नका. एकाच शेतकऱ्याचे एका दिवशी दोन ट्रॅक्टर येतात, त्यामुळे पावती क्रमांक जुळला तरच ओळ काढा.