छायाचित्र-शंका: पुढच्या लायका एममध्ये काय हवं?

प्रश्न (दादर): लायकाच्या एम११ या डिजिटल कॅमेऱ्यानंतरच्या मॉडेलमध्ये पहिली सुधारणा कोणती व्हावी? मेगापिक्सेल वाढावेत का?

उत्तर: मेगापिक्सेल नकोत, ६० पुष्कळ झाले. आधी रेंजफाइंडरच (व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणून फोकस जुळवायची यंत्रणा) अधिक अचूक व्हायला हवा. त्याच्या दोन खिडक्यांमधल्या सुमारे ६९.३ मिमी अंतराला एम११च्या ०.७३ विशालनाने (नुसत्या डोळ्यांच्या मानाने व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य किती पट दिसतं, त्या आकड्याने) गुणलं की साधारण ५०.६ मिमी येतात. हा आकडा जितका मोठा, तितका फोकस अचूक. १९५४च्या एम३मध्ये विशालन ०.९१ होतं, त्यामुळे हाच आकडा ६२ मिमीच्या पुढे जायचा. ५० मिमी लेन्स एफ/१.४वर ठेवून १ मीटरवर फोकस केला, तर फिल्मच्या जुन्या हिशेबाने फोकसची खोली (पुढे-मागे स्पष्ट दिसणारा पट्टा) जेमतेम ३ सेंमी मिळते. ६० मेगापिक्सेलचं चित्र पूर्ण मोठं करून पाहिलं की तेवढी खोलीही सगळी स्पष्ट दिसत नाही.

एम७ आणि एमपी या फिल्म कॅमेऱ्यांत ०.५८, ०.७२ आणि ०.८५ विशालनाचे तीन व्ह्यूफाइंडर मिळत. डिजिटल एममध्ये ही निवड बंद झाली. ती परत यावी, ही आमची पहिली मागणी. ०.८५मध्ये २८ मिमी लेन्सची चौकट (चित्रात किती येईल ते दाखवणारी रेषा) बसत नाही हे खरं, पण ५० आणि ७५ मिमीच्या लेन्स वापरणाऱ्याला तिची गरजही नसते.

प्रश्न (गिरगाव): लेन्स अनंतावर ठेवूनही दूरच्या इमारती दुहेरी दिसतात. घरीच दुरुस्त करू का?

उत्तर: आधी दोष कुणाचा ते ठरवा. नरिमन पॉइंटच्या टोकावरून मलबार हिलच्या एखाद्या इमारतीची उभी कड पाहा. या कामाला एवढं अंतर पुरेसं आहे. एकाच लेन्सने चुकत असेल तर दोष लेन्सचा, सगळ्यांनी चुकत असेल तर बॉडीचा. मग गच्चीच्या कठड्यासारखी आडवी रेषा पाहा. ती वर-खाली फाटलेली दिसली, तर तो वेगळा दोष. एम६ या फिल्म कॅमेऱ्यात त्याचा स्क्रू पुढच्या बाजूच्या लायकाच्या लाल ठिपक्यामागे असतो. अनंताची जुळणी मात्र माउंटच्या (लेन्स बसते त्या कड्याच्या) आतल्या चाकाच्या स्क्रूवर होते. तो किंचित फिरवला तरी जवळचा फोकस बिघडू शकतो, म्हणून १ मीटरवर तिरकी पट्टी ठेवून तपासल्याशिवाय काम पूर्ण झालं असं समजू नये. सवय नसेल तर हात लावू नका, जाणत्या कारागिराकडे द्या.

नव्या मॉडेलमध्ये हे दोन्ही स्क्रू झाकणाखाली, खुणांसह द्यावेत. डिजिटल एममध्ये सेन्सर आहेच. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर, चित्र मोठं करून फोकस नक्की करायचा आणि मग स्क्रू फिरवून दोन्ही प्रतिमा एकमेकींवर आणायच्या. एवढ्यासाठी कॅमेरा दुरुस्तीला पाठवून आठवडे वाट बघावी लागू नये.

प्रश्न (वर्सोवा): पावसाळ्यात एम बाहेर काढवत नाही. सीलबंद बॉडी शक्य आहे का?

उत्तर: लायकाच्याच एसएल२ कॅमेऱ्याला आयपी५४ (धूळ आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षणाचा) दर्जा आहे, पण एममध्ये ते सोपं नाही. बॉडीला रबर लावलं तरी एमच्या लेन्सना माउंटपाशी रबरी कडं नसतं, त्यामुळे पाणी तिथूनच शिरतं. म्हणून बॉडीसोबत नव्या लेन्सनाही कडं द्यायला हवं. तोवर पावसात कॅमेरा पिशवीतून काढूच नका, आणि घरी ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या कपाटात ठेवा. मुंबईच्या जुलैत चामड्याच्या केसमध्ये ठेवलेल्या लेन्सवर बुरशी हमखास चढते. चामडं ओल धरतं, आणि झाकण बंद असल्यामुळे हवा खेळत नाही.

प्रश्न (मुलुंड): ऑप्टिकल आणि इलेक्ट्रॉनिक, दोन्ही व्ह्यूफाइंडर एकत्र का देत नाहीत?

उत्तर: फुजीफिल्मने २०११च्या एक्स१००मध्ये दिलेच होते, पण त्यात लेन्सला जोडलेला यांत्रिक रेंजफाइंडर नव्हता. लायकाने २०२५च्या एम ईव्ही१मध्ये उलट रेंजफाइंडरच काढून टाकला. आम्हाला मधला मार्ग हवा: यांत्रिक फोकस तसाच ठेवावा आणि चौकट तेवढी अंतरानुसार लहान-मोठी व्हावी. आजच्या चौकटीचं माप २ मीटरला बरोबर बसतं. दूरच्या दृश्यात चौकटीबाहेरचंही चित्रात येतं.