नववी-दहावीच्या स्वविकास, नागरिकशास्त्र आणि करिअर मार्गदर्शनाच्या तासाला नेमकं काय शिकवावं?

तुम्ही नुकतेच शिक्षण सेवक म्हणून लागलात, हे तिन्ही तास तुमच्याकडे आलेत आणि पुस्तकाबाहेरच्या कृती हव्यात, असं लिहिलंय. सांगते. पण त्याआधी एक: हा तास दुसऱ्या कुणाला देऊ नका. मी देत होते.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत मी बावीस वर्षं इतिहास शिकवते. दिवाळी झाली की गणिताचे सर वर्गाच्या दारात. "मॅडम, पोर्शन राहिलाय. तुमच्या तासाला कुठं मार्क आहेत?" खोटं नव्हतं. स्वविकासाला नुसती श्रेणी, नागरिकशास्त्राला, म्हणजे पुस्तकातल्या राज्यशास्त्राला, इतिहासाबरोबरच्या पेपरात चाळीसातले बारा. मी तास देऊन टाकायची.

२०१६ला बोर्डाने दहावीसाठी कल चाचणी आणली. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा कल तांत्रिक निघाला. हुशार पोर, सत्त्याऐंशी टक्के पडले. आईवडील ऊसतोडीला जाणारे. तिला सिव्हिलचा डिप्लोमा करायचा होता. कागदपत्रं तपासायला गेली तर जातीचा दाखला नाही. शाळेच्या दाखल्यावर जात लिहिलीय, तेवढं चालेल असं घरच्यांना वाटलं होतं. ओबीसीचा दाखला काढायला १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा, वडिलांकडच्या नात्यातला पुरावा लागतो, हे त्यांना त्या दिवशी खिडकीवर कळलं. राखीव जागेवरचा हक्क गेला, खुल्यातून नंबर लागला नाही. गावात अकरावीला फक्त आर्ट्स होतं, तिथं बसली.

नंतर तिचे वडील पुरावा शोधत आले, मी त्यांच्याबरोबर जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले. आजोबांचं नाव तिथल्याच जुन्या रजिस्टरला होतं, १९५८ची नोंद, जातीसकट. उतारा मिळायला अर्धा तास लागला. ती दोन वर्षं माझ्या वर्गात होती आणि तो अर्धा तास मी गणिताच्या सरावाला देऊन टाकला होता.

पुढच्या जूनपासून नववीचं माझं पहिलं काम वंशावळ. बाप, आजा, पणजा, चुलत आजोबा, वडिलांच्या आत्या. कोण कुठल्या शाळेत गेलं. मग त्या शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा, म्हणजे शाळेत नाव घातल्या-काढल्याच्या रजिस्टरची नक्कल. कुणीच शाळेत गेलं नसेल तर जन्म-मृत्यूच्या नोंदीचा गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्याची तहसीलमधून नक्कल. मुलांना इतिहासाचं साधन म्हणजे काय हे त्या नकलेवरून जेवढं कळतं तेवढं माझ्या फळ्यावरून कधी कळलं नव्हतं.

पुढे ‘आपले सरकार’ या सरकारी पोर्टलवर दाखल्यासाठी अर्ज. लोकसेवा हक्क कायदा २०१५चा आहे: उत्पन्नाचा दाखला पंधरा दिवसांत, जातीचा एकवीस दिवसांत. पोचपावती जपायची, मुदत टळली की पहिलं अपील. एका पोराने असं अपील स्वतःच्या हाताने लिहिलं, प्रांत ऑफिसात नेऊन दिलं आणि आठवड्यात दाखला घेऊन आला. टेबलापुढे उभं राहून आपलं काम काय ते न चाचरता सांगता येणं, यालाच मी व्यक्तिमत्त्व विकास म्हणते. भिंतीवर सुविचार लावून तो होत नाही.

सरांचं म्हणणं, "शाळा म्हणजे सेतू कार्यालय नव्हे, हे पालकांनी बघायचं." कुठल्या पालकांनी? जे दिवाळीनंतर कारखान्यावर असतात आणि उन्हाळ्यात परततात त्यांनी? आमचं हे भांडण आजही मिटलेलं नाही. सर गणित उत्तम शिकवतात. पण त्या मुलीला गणितात ९१ होते आणि ती तिथल्या खिडकीवरून परत आली.

करिअरचं थोडक्यात: आयटीआय, डिप्लोमा, अकरावी यांची माहिती पत्रकात मिळते. गावातला आयटीआय झालेला माजी विद्यार्थी वर्गात आणा, त्याला पगार आणि कामाचे तास मोकळेपणाने विचारू द्या.

हे सगळं माझ्या खेड्यातल्या शाळेचं आहे. शहरात तुम्हाला दुसरं काही अडेल, ते तुम्ही शोधा. आणि एक चूक मी केली ती करू नका. पहिल्या वर्षी मी वंशावळी वर्गात मोठ्याने वाचायला लावल्या. एका मुलाला वडिलांकडचं कुणीच माहीत नव्हतं, दुसऱ्याला जात सगळ्यांपुढे सांगायची नव्हती. दोघेही पुढचा आठवडा शाळेत आले नाहीत. तेव्हापासून हे कागद मी बंद पाकिटात घेते, वर फक्त हजेरी क्रमांक, आणि मधल्या सुट्टीत एकेकाशी बोलते.