साठ हजारांत एस्टीमला टर्बो: भंगारातून काय घ्यावं, काय घेऊ नये

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००४ ची एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्टरने मारणारी) मारुती एस्टीम आहे, इंजिन स्टॉक, म्हणजे कंपनीने दिलं तसंच, बजेट साठ हजार, आणि पुण्याच्या नाना पेठेत स्विफ्ट डिझेलचा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) स्वस्तात मिळतोय. तो उचलून बसवावा का?

तो टर्बो उचलू नका. गाडीला टर्बो बसवायला मात्र माझी ना नाही. मी भोसरीत फॅब्रिकेशनचं काम करतो आणि या कामासाठी येणारी बहुतेक मंडळी टर्बो हातात घेऊनच येतात, म्हणजे पैसे आधी तिथे घालवून. मग इंजेक्टर, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आणि ट्यूनिंगची गोष्ट निघाली की चेहरे उतरतात. तुमच्या साठ हजारांतले पंधराच्या वर टर्बोवर जाता कामा नयेत.

स्विफ्ट डिझेलच्या ७५ पीएसच्या इंजिनावर केपी३५ नावाचा चिमुकला टर्बो येतो. ते इंजिन पाच हजार आरपीएमच्या आतच दमतं. तुमची एस्टीम साडेसहापर्यंत ओरडते. केपी३५ लावलात तर अडीच हजारांवर गाडी मस्त खेचेल, साडेचारच्या पुढे एक्झॉस्ट तुंबायला लागेल आणि सगळी उष्णता हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, कोंडेल. शिवाय डिझेलचा एक्झॉस्ट साधारण आठशे अंशांच्या आत राहतो, पेट्रोलचा फुल थ्रॉटलला साडेनऊशेच्या घरात जातो. डिझेलच्या टर्बोचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, त्यासाठी बनवलेलंच नसतं.

त्यापेक्षा जुन्या ऑक्टाव्हिया १.८ टीचा के०३ शोधा. पेट्रोलचा आहे, मधल्या भागाला तेलासोबत पाण्याचं कूलिंग आहे. एस्टीमच्या १.३ लिटर इंजिनाला तो किंचित मोठा पडतो, बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) तीन हजार आरपीएमच्या आसपास येईल, पण वर श्वास अडकत नाही. लॉरा टीएसआयचा मात्र घेऊ नका, त्यात मॅनिफोल्ड (हेडमधून एक्झॉस्ट गोळा करणारे पाइप) टर्बिन हाउसिंगसोबत एकत्रच ओतलेला असतो, तो एस्टीमच्या हेडला जन्मात बसणार नाही. माल मिळायला हल्ली जरा फिरावं लागतं. चिखलीजवळच्या कुदळवाडीतली भंगाराची गोदामं २०२५ च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने पाडली आणि तिथला माल चहूकडे पांगला. कुठेही घ्या, बिल मागा. बिल द्यायला का कू करणाऱ्याकडचा पार्ट कोणाच्या गाडीतून आलाय ते देवाला ठाऊक.

काउंटरवर टर्बो हातात आला की आधी शाफ्ट धरा. वर-खाली अगदी किंचित हललं तर चालतं, तेल नसताना शाफ्टभोवतीच्या जर्नल बेअरिंगला तेवढा प्ले असतोच. पण आत-बाहेर ओढून-ढकलून बघा. तिथे बोटाला हालचाल जाणवली की ठेवून द्या, शाफ्टला आत-बाहेर सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग गेलंय. मग मोबाइलचा टॉर्च मारून कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा कोंबणाऱ्या चाकाच्या, पात्यांच्या कडा बघा. एक जरी कड चुरगळलेली असेल तरी नको, कारण हे चाक दीड-दोन लाख आरपीएमने फिरतं. वेस्टगेटची (जास्तीचा एक्झॉस्ट बाजूने सोडून बूस्ट आवरणारी) झडप उघडून तिच्या बैठकीजवळची भेग बघा. केसाएवढी भेग जुन्या के०३ ला बहुधा सापडतेच, पण ती टर्बिनच्या (एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाच्या) तोंडापर्यंत पोचलेली असेल तर नको. दुकानदार शाफ्ट बोटाने गरकन फिरवून दाखवेल आणि म्हणेल, 'बघा साहेब, कसा फ्री आहे.' त्याने काहीही सिद्ध होत नाही.

भंगारातून बिनधास्त घ्यावं ते इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा रेडिएटर. कुठल्याही डिझेल एसयूव्हीचा चालेल, फक्त आत रॉकेल घालून भरपूर हलवा आणि गाळून बघा. आधीचा टर्बो फुटून मेला असेल तर धातूचा कीस निघतो, आणि तो कीस तुमच्या सिलिंडरमध्ये जायला नको. पाइपही जुने चालतील. सिलिकॉनचे जॉइंट आणि क्लॅम्प तेवढे नवे घ्या.

मॅनिफोल्ड बनवून घ्या. सगळे एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) मागतात कारण फोटोत चमकतं. मी साध्या एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) जाड, शेड्यूल ४० च्या बेंडमध्ये बनवायला सांगतो. एसएस ३०४ तापल्यावर एमएसपेक्षा जवळजवळ दीडपट प्रसरण पावतं, आणि टर्बोचं वजन लटकलेलं असलं की वेल्डजवळ तडकतं. फ्लँज (हेडला बोल्टने बसणारी पट्टी) १२ मिमीच्या प्लेटमधून लेझर कटिंगने काढून घ्या आणि वेल्डिंग मारताना तो जुन्या, बाद हेडवर बोल्टने आवळलेला असू द्या. नाहीतर वेल्डच्या उष्णतेने फ्लँज केळ्यासारखा वाकतो आणि पुढे गॅस्केटवर गॅस्केट उडत राहतात.

ऑइल रिटर्नबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण निम्मे टर्बो इथे मरतात आणि खापर टर्बोवर फुटतं. टर्बोत तेल दाबाने जातं, पण बाहेर पडतं ते निव्वळ उतारावरून, फेस होऊन. म्हणून फीडची लाइन बारीक चालते (ऑइल प्रेशर स्विचला टी टाकून काढा), रिटर्न मात्र १६ ते १९ मिमी आतून मोकळा हवा, सतत उतरता, कुठेही पोटाला झोल नको. इंजिनाच्या तळाचं ऑइल चेंबर उतरवून डिपस्टिकच्या मॅक्स खुणेच्या वर भोक पाडा आणि तिथे बंग (नळी जोडायचा तुकडा) वेल्ड करा. चेंबर खाली न उतरवता, जागेवरच ड्रिल मारून देतो म्हणणारा मेकॅनिक भेटेल. त्याला चहा पाजून परत पाठवा. रिटर्न तेलाच्या पातळीखाली गेला की तेल तुंबतं, सीलमधून सायलेन्सरमध्ये उतरतं, आणि सिग्नलला निळा धूर बघून सगळे म्हणतात टर्बो गेला.

आता जिथे कंजूषी चालत नाही ते. स्टॉक ईसीयूला बूस्ट ही भानगडच माहीत नाही. वातावरणाच्या दाबाच्या वर गेलं की तो आंधळा, पेट्रोल वाढवतच नाही, आणि मिश्रण लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की पिस्टनला भोक. त्यामुळे स्पीडुइनोसारखा ओपन सोर्स ईसीयू, मॅनिफोल्डमधल्या हवेचा दाब मोजणारा २.५ बारचा मॅप सेन्सर, आणि बॉशच्या एलएसयू ४.९ सेन्सरचा वाइडबँड गेज, जो एक्झॉस्टवरून मिश्रण दाखवतो. तिन्ही नवे, आणि सेन्सर ओरिजिनलच. इंजेक्टरचा हिशोब असा: १२० बीएचपीला मिनिटाला साधारण ७५० सीसी पेट्रोल, चौघांत वाटलं तर १९०, आणि इंजेक्टर त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या वर राबवायचा नाही म्हणून २३५. त्यात आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे, ते सात-आठ टक्के जास्त लागतं. म्हणजे २६० सीसीच्या खालचा इंजेक्टर बघूच नका. जुन्या बाजारातला तर नकोच. घेतलाच जुना, तर चारही फ्लो टेस्ट करून. बूस्टमध्ये लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण नेमक्या प्रमाणाच्या किती पट ते; १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त) ०.८ च्या आसपास ठेवा. जुन्या चर्चांमधला एका भाग इंधनाला १४.७ भाग हवेचा आकडा शुद्ध पेट्रोलचा, ई२० ला तो साडेतेराच्या जवळ येतो. लॅम्डात विचार केला की हा घोळच राहत नाही.

बूस्ट ०.४ बार, बस. स्टॉक ८५ बीएचपीचे कागदावर १२० होतात, प्रत्यक्षात ११० च्या आसपास. एक बारीक गोष्ट: पुणे ५६० मीटरवर आहे, इथे हवेचा दाबच ०.९५ बार. वेस्टगेटची स्प्रिंग बाहेरच्या हवेच्या तुलनेत काम करते, म्हणून ताम्हिणी उतरून कोकणात गेलात की मॅनिफोल्डमधला एकूण दाब आपोआप ०.०५ ने चढतो. ट्यूनिंग करताना ईसीयूच्या पेट्रोलच्या टेबलमध्ये जास्त दाबाचे वरचे एक-दोन रकाने भरलेले असू द्या. पीसीव्हीच्या (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये नेणाऱ्या) नळीत वन-वे व्हॉल्व्ह टाका, स्पार्क प्लग एक नंबर कोल्ड, म्हणजे लवकर गार होणारा, आणि गॅप ०.७ मिमी. क्लच सरकेल, त्याचे पैसे बाजूला ठेवा.

कायद्याचंही स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असला बदल रस्त्यावरच्या गाडीत चालत नाही, आणि १८२ए(४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. तुमची गाडी पंधरा वर्षांवरची, म्हणजे दर पाच वर्षांनी पासिंगला उभी राहणार. म्हणून मी हे काम ट्रॅकवर नेण्याच्या गाडीवरच करा म्हणतो. रोज कोथरूड ते हिंजवडी करायच्या गाडीवर नाही.

आणि एक रुपयाही खर्च करण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवेत. नसतील तर साठ हजारांतले पहिले पैसे रिंग आणि बेअरिंगला लागतील, टर्बो पुढच्या दिवाळीला.